'कुरुक्षेत्र' तिसऱ्या सर्गात संपत नाही

माळवी_मराठी

मे २०२५ मध्ये सैन्यदलांच्या एका पत्रकार परिषदेत 'याचना नहीं, अब रण होगा' ही ओळ ऐकवली गेली आणि हिंदी कवी रामधारी सिंह 'दिनकर' एका रात्रीत सगळ्यांच्या स्टेटसवर जाऊन बसले. ती ओळ 'रश्मिरथी'तली, कृष्णाच्या तोंडची. पण तिच्या मागोमाग आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जे सुरू झालं ते त्यांच्याच 'कुरुक्षेत्र' या काव्यातलं:

क्षमा शोभती उस भुजंग को, जिसके पास गरल हो;
उसको क्या, जो दन्तहीन, विषरहित, विनीत, सरल हो?

आम्ही इंदूरचे मराठी. इथे हिंदी शाळेत शिकलेल्यांना हे कडवं मनाच्या श्लोकांसारखं पाठ असतं. ओळी खणखणीतच आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की काव्याचे सर्ग सात, त्यातला हा तिसरा, आणि बहुतेकांचं 'कुरुक्षेत्र' इथेच सुरू होतं आणि इथेच आटोपतं. बाकीच्या सहा सर्गांबद्दल मराठीत फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

काव्य १९४६ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे लिहिलं गेलं ते दुसरं महायुद्ध चालू असताना, बेचाळीसच्या चळवळीच्या आणि बंगालच्या दुष्काळाच्या आगेमागे. आणि छापून आलं तेव्हा हिरोशिमा होऊन गेलेलं होतं. दिनकर तेव्हा इंग्रज सरकारच्या नोकरीत होते, युद्धकाळात प्रचारखात्याचं काम करत होते. हे डोक्यात ठेवून पहिला सर्ग उघडावा. सुरुवातच अशी की इतिहासाच्या पानावर हा कोण रडतोय? त्या पानावर लिहिलंय की तरण्या पोरांच्या रक्ताची किंमत म्हणजे कुण्या म्हाताऱ्या, कावेबाज मुत्सद्द्याचा शब्द. आणि हा मुत्सद्दी कसा, तर

जो आप तो लड़ता नहीं,
कटवा किशोरों को मगर,
आश्वस्त होकर सोचता,
शोणित बहा, लेकिन, गयी बच लाज सारे देश की

दिवसा युद्धाचा प्रचार करणाऱ्या खात्यात बसणाऱ्या माणसाच्या वहीत या ओळी होत्या!

गोष्ट युद्ध संपल्यावरची आहे. बाकीचे विजयाच्या धुंदीत असताना युधिष्ठिर एकटा शरपंजरी पडलेल्या भीष्मांकडे जातो आणि म्हणतो, पाच जणांच्या द्वेषापायी सगळा देश कापला गेला. असं होणार हे ठाऊक असतं तर 'तन-बल छोड़ मैं मनोबल से लड़ता', तपानं, सोसून, त्यागानं दुर्योधनाला जिंकलं असतं. १९४६ सालच्या वाचकाला हा आवाज कुणाचा हे सांगायची गरज नव्हती, गांधी अजून हयात होते. भीष्म त्याला आधी वादळाची उपमा देतात: जंगलात वादळ आपोआप उठतं, तसं माणसांच्या मनात साचलेलं एक दिवस फुटतं. मग तिसऱ्या सर्गात ते खरे मुद्द्यावर येतात. युद्ध निंद्य आहे हे कबूल, पण अन्यायावर उभी असलेली शांती म्हणजे तरी काय? तुमचा भुजंग इथे येतो. पण त्याच सर्गात हेही आहे, आणि हे मी एकाही फॉरवर्डमध्ये पाहिलेलं नाही:

शान्ति नहीं तब तक, जब तक सुख-भाग न नर का सम हो,
नहीं किसी को बहुत अधिक हो, नहीं किसी को कम हो।

आणि शिवाय 'कृत्रिम शान्ति सशंक आप अपने से ही डरती है'. खड्ग हातात असल्याशिवाय तिचा कुणावरच विश्वास नसतो, असं पुढे म्हटलंय. आता ही ओळ सोसायटीच्या ग्रुपवर टाकली आणि वर लिहिलं की कामवाल्या बायकांसाठी वेगळी लिफ्ट कशाला, तर किती अंगठे वर येतील?

माझं म्हणणं असं की भीष्म या काव्यात युद्धाची वकिली करत नाहीत. ज्यांना आहे ती 'शांती' सोयीची असते त्यांच्यावरचं ते आरोपपत्र आहे. आणि त्या आरोपींत भीष्म स्वतःही आहेत. चौथ्या सर्गाबद्दल प्रतिसादांत लिहीन, आत्ताच लांबण लागलंय.

---

तिरकस

लेख छान. पुढचा भाग लवकर टाका. लिफ्टचं वाक्य आमच्याही ग्रुपवर टाकून बघतो. ग्रुपमधून काढलं तर इथे कळवीन.

---

पेठकर_नाही

माळवीसाहेब, एक भर घालतो. मूळ महाभारतात युधिष्ठिर असा एकटा, ताबडतोब भीष्मांकडे जात नाही. शांतिपर्वाच्या सुरुवातीला तो राज्य नको, वनात जातो म्हणून हटून बसतो, आणि त्याला आधी भाऊ समजावतात, द्रौपदी समजावते, व्यास समजावतात, कृष्ण समजावतो. भीष्मांकडे जाणं होतं ते पुष्कळ नंतर, आणि तेही मुख्यतः राजधर्म विचारायला. दिनकरांनी ही सगळी गर्दी हटवली आणि दोघांना समोरासमोर आणलं. प्रस्तावनेत ते सांगतातच की महाभारत पुन्हा सांगणं हा हेतू नव्हता. सुरुवात अशोकाच्या पश्चात्तापापासून झाली, 'कलिंग-विजय' ही कविता लिहिताना.

भांडारकर संस्थेची चिकित्सित आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली, तीतलं शांतिपर्व बेलवलकरांनी संपादित केलंय. ज्यांना उत्साह असेल त्यांनी त्यातला चार्वाकाचा प्रसंग वाचावा. युधिष्ठिराचा नगरप्रवेश चाललाय, ब्राह्मण आशीर्वाद देतायत, आणि एक जण उठून म्हणतो की हे सगळे तुझा धिक्कार करतायत, ज्ञातिवध करून राज्य कसलं भोगतोस! बाकीचे घाबरून सांगतात की हा आमचा नव्हे, हा दुर्योधनाचा मित्र, राक्षस आहे. आणि नुसत्या हुंकारानं त्याला जाळून टाकतात. विजयाच्या मिरवणुकीत नको तो प्रश्न विचारणाऱ्याचं काय होतं हे व्यासांनी चार-दोन श्लोकांत उरकलंय. दिनकरांनी तो प्रश्न खुद्द विजेत्याच्या तोंडी घातला. मला ही त्यांची सगळ्यात मोठी खेळी वाटते.

अवांतर: तिसऱ्या सर्गाचं वृत्त आपल्या ओळखीचं आहे. सोळा अधिक बारा, अठ्ठावीस मात्रा. हिंदीवाले त्याला सार म्हणतात, आपली साकी. किर्लोस्करी नाटकातल्या साकीच्या चालीवर 'क्षमा शोभती' म्हणून बघा, चपखल बसतं. हा सर्ग सगळ्यांच्या तोंडी का राहिला याचं अर्धं उत्तर त्यात आहे.

---

काकू_धरमपेठ

साकीत म्हणून पाहिलं. बसतं की हो!

मी तीस वर्षं हिंदी शिकवलंय, त्यामुळे एक खडू उचलतेच. 'जो तटस्थ हैं, समय लिखेगा उनका भी अपराध' ही ओळ 'कुरुक्षेत्र'ची म्हणून फिरते. तशी ती नाही. 'समर शेष है' ही स्वतंत्र कविता आहे, स्वातंत्र्यानंतरची, आणि तिथला समर दिल्लीच्या झगमगाटाविरुद्ध आणि खेड्यातल्या अंधाराविरुद्ध आहे. तीही शत्रुराष्ट्राविरुद्ध म्हणून वापरतात.

आता माळवींच्या युधिष्ठिराबद्दल. आमच्या पवनारच्या विनोबांचं 'गीताप्रवचने' ज्यांनी वाचलंय त्यांना पहिल्याच अध्यायातला न्यायाधीश आठवत असेल. शेकडो गुन्हेगारांना फाशी दिलेला न्यायाधीश. एक दिवस त्याच्यासमोर त्याचाच मुलगा खुनी म्हणून उभा राहतो, आणि त्याला एकदम बुद्धिवाद सुचतो की फाशी अमानुष आहे, तिनं गुन्हे कमी होत नाहीत. विनोबा म्हणतात, अर्जुनाचं तसंच झालं. ते अहिंसेचं तत्त्वज्ञान नव्हतं, आप्तांचा मोह होता. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये दिलेली ही प्रवचनं, ऐकायला साने गुरुजी होते.

पण हा न्यायाधीश युधिष्ठिराला लागू होत नाही ना! अर्जुन रडला तो लढाईच्या आधी, ते मोहाचं रडं म्हणता येतं. युधिष्ठिर सगळं उरकल्यावर, प्रेतं मोजून रडतोय. त्याला स्वजनासक्ती म्हणून मोडीत कसं काढणार? दिनकरांनी गीतेच्या आधीचा विषाद न घेता नंतरचा घेतला, आणि म्हणूनच भीष्मांना कृष्णाची उत्तरं पुरत नाहीत. आत्मा मरत नाही वगैरे त्यांनी या नातवाला ऐकवलंच नाही. ते न्यायाबद्दल, वाटणीबद्दल, सत्तेबद्दल बोलतात. सगळं या जमिनीवरचं.

---

अभ्यासू_ढ

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला माझा ऐच्छिक विषय हिंदी साहित्य आहे. अभ्यासक्रमात 'कुरुक्षेत्र' आहे. 'कुरुक्षेत्र हे युद्धकाव्य की शांतिकाव्य?' असा प्रश्न आला तर काय लिहावं? कृपया मुद्दे द्यावेत.

---

तिरकस

मुद्दा क्रमांक एक: सातही सर्ग वाचणे.

---

जुना_फौजी

मी पायदळात होतो, आता शेती बघतो. हिंदी युनिटमध्ये शिकलो, त्यामुळे दिनकर आधी कानावर आले, वाचले नंतर.

भुजंगाबद्दल एवढंच म्हणतो की ओळ खरी आहे. ज्याच्याकडे ताकद नाही त्याच्या क्षमेला कुणी विचारत नाही, हे सीमेवर चार महिने राहिलेला कुणीही सांगेल. दुसऱ्या सर्गात भीष्म म्हणतात की कुणी हक्क हिसकावत असताना तू त्याग आणि तप करत बसलास तर ते पाप आहे. मला त्यात काही वावगं वाटत नाही. इथे प्रतिसादांत युधिष्ठिराला जे मखरात बसवणं चाललंय ते थोडं आवरा. पुढे सरकणारा हात दिसत असताना मनोबलानं लढतो म्हणणं हे ज्याच्या मागे तुकडी उभी असते त्याला परवडत नाही.

पण पहिल्या सर्गाच्या ज्या ओळी माळवींनी दिल्या आहेत त्या आमच्यात एकमेकांना म्हणून दाखवल्या जायच्या, भुजंगाच्या नाही. भुजंग हा सुट्टीवर आल्यावर गावात ऐकायला मिळायचा. वरातीत, गणपतीत, शाळेच्या पंधरा ऑगस्टला. ज्यांना जायचं नसतं त्यांच्या तोंडी तिसरा सर्ग आणि ज्यांना जायचं असतं त्यांच्या तोंडी पहिला, असं साधारण दिसतं.

---

माळवी_मराठी

फौजीसाहेब, तुमच्या शेवटच्या वाक्यापुढे माझा अख्खा लेख लंगडा वाटायला लागला. पण मखराचं म्हणाल तर युधिष्ठिराला तिथे मी बसवत नाही, दिनकरही नाहीत. गंमत बघा. १९३३ च्या आसपास याच कवीनं 'हिमालय' कवितेत हिमालयाला सांगितलं होतं:

रे रोक युधिष्ठिर को न यहाँ, जाने दे उनको स्वर्ग धीर,
पर फिरा हमें गाण्डीव-गदा, लौटा दे अर्जुन-भीम वीर।

म्हणजे युधिष्ठिर गेला तर जाऊ दे, आम्हाला अर्जुन आणि भीम परत दे. तेव्हा दिनकर पंचविशीत होते. तेरा वर्षांनी त्यांनी ज्याला स्वर्गात पाठवून दिलं होतं त्यालाच परत बोलावलं आणि सात सर्ग त्याच्या प्रश्नावर खर्च केले. मधल्या काळात महायुद्ध झालं होतं.

आता चौथा सर्ग. यात भीष्म स्वतःचा पंचनामा करतात. द्यूतसभेत गप्प का बसलो, पांडवांची बाजू न्यायाची आहे हे दिसत असताना कौरवांकडून का लढलो. त्यांचं उत्तर असं:

धर्म, स्नेह, दोनों प्यारे थे, बड़ा कठिन निर्णय था,
अतः एक को देह, दूसरे को दे दिया हृदय था।

देह कौरवांना, हृदय पांडवांना. हे वाचलं की मला प्रत्येक वेळी चीड येते. कारण पगार एकीकडे आणि सहानुभूती दुसरीकडे, ही व्यवस्था किती जुनी आणि किती सोयीची आहे! आणि भीष्मांना ते कळतंय. आपण तेव्हाच उघडपणे पांडवांकडे गेलो असतो तर कदाचित युद्धच टळलं असतं, अशी त्यांची खंत आहे. म्हणजे तिसऱ्या सर्गात 'अन्यायावरची शांती' म्हणून जिची निर्भर्त्सना करतात, तिचे सगळ्यात वजनदार राखणदार तेच होते. भुजंगाच्या ओळी अशा माणसाच्या तोंडी आहेत ज्याच्याकडे विष होतं, दात होते, इच्छामरण होतं, आणि जो ऐन वेळी खाली मान घालून बसला. सरकारी नोकरीतल्या कवीनं हा सर्ग लिहिताना आरशात पाहिलं नसेल असं मला वाटत नाही. पुरावा काही नाही, माझा तर्क.

---

तिरकस

जरा गंभीर होतो, सवय नाही, सांभाळून घ्या.

माझी भीष्मांच्या युक्तिवादाबद्दल मूळ अडचण अशी: अन्याय झाला हे ठरवायचं कुणी? 'पापी कौन' असं ते विचारतात, न्याय चोरणारा की न्याय शोधताना आडवा आला त्याचं डोकं उडवणारा. प्रश्न असा टाकला की उत्तर आधीच मिळालेलं असतं. पण दुर्योधनालाही वाटतच होतं की माझा बाप थोरला, आंधळा म्हणून त्याचं राज्य गेलं, न्याय माझा चोरलाय. जगातल्या प्रत्येक लढाईत दोन्ही बाजूंना तिसरा सर्ग पाठ असतो. सीमेपलीकडेही कुणीतरी आपापल्या भाषेत असाच भुजंग म्हणत असणार.

दुसरं म्हणजे, दुसऱ्या सर्गात युद्ध हे वादळ आहे, आपोआप उठतं. तिसऱ्यात त्याला गुन्हेगार आहे. वादळावर फिर्याद कशी लावणार? भीष्मांनी एक काहीतरी धरावं.

---

पेठकर_नाही

दुसरी हरकत मान्य. तिथे सांधा निखळलेला आहेच, आणि साकीच्या ठेक्यात तो लक्षात येत नाही. पहिलीचं उत्तर काव्यात थोडं आहे. चौथ्या सर्गात भीष्म युधिष्ठिराला राजसूय यज्ञाची आठवण करून देतात. तुझा मुकुट निष्कलंक होता, तुझ्यापुढे वाकण्यात कुणाला कमीपणा वाटायचं कारण नव्हतं, तरीही पुष्कळांना ग्लानी वाटली, आणि युद्धाचं बी तिथे पडलं. म्हणजे ज्याची बाजू न्यायाची त्याच्या वैभवाच्या प्रदर्शनातूनही वैर जन्मतं, हे न्यायपक्षाच्या राजाला तोंडावर सांगितलंय. दुर्योधनाला न्याय दिलेला नाही हे खरं, पण धर्मराजालाही सोडलेलं नाही.

---

विंगेतून

इतके प्रतिसाद झाले आणि अजून 'अंधा युग' कसं आलं नाही! धर्मवीर भारतींचं काव्यनाटक, १९५४ मधलं, 'कुरुक्षेत्र'नंतर आठ वर्षांनी. युद्धाच्या अठराव्या दिवसापासून सुरू होतं. भारती नंतर मुंबईत 'धर्मयुग'चे संपादक म्हणून आले आणि इथलेच झाले. त्यानंतर नाटकही मुंबईत पोचलं. सत्यदेव दुबेंनी १९६२ मध्ये इथे केलं, अल्काझींनी पुढच्या वर्षी दिल्लीत फिरोजशाह कोटल्याच्या भग्नावशेषांत. चीनचं युद्ध नुकतंच झालेलं होतं, म्हणजे प्रेक्षक काय मनःस्थितीत बसले असतील बघा.

मला दिनकरांबद्दल आदर आहे, पण 'कुरुक्षेत्र'मध्ये सगळा संवाद दोन पुरुषांचा. एक जिंकलेला राजा, एक पडलेला सेनापती. महाभारतात युद्ध आणि शांती यांच्या मध्ये एक अख्खं स्त्रीपर्व आहे. गांधारी रणांगणावर फिरते, एकेक प्रेत ओळखते, सुना कुणाचं शीर कुणाच्या धडाला जोडून बघतायत, आणि शेवटी ती कृष्णाला शाप देते. युद्धाच्या नीतीवर बोलायचं आणि हे पर्व ओलांडून थेट शांतिपर्वात शिरायचं, हे मला पटत नाही. भारतींनी गांधारीला मंचावर आणलं. तिचा शाप कृष्ण मुकाट्यानं घेतो. युधिष्ठिराला तिथे उत्तरं मिळत नाहीत, राज्य मिळतं आणि ते हळूहळू सडतं. आणि पहारेकरी! दोन सामान्य पहारेकरी ओसाड राजवाड्यात येरझारा घालतायत. राखायला काही उरलेलं नाही, तरी राखतायत.

अश्वत्थामा ब्रह्मास्त्र सोडतो तेव्हा व्यास त्याला परिणाम सांगतात, पिढ्यान्‌पिढ्या जमीन नापीक होईल म्हणून. दिनकरांना विज्ञानाबद्दल सांगायला सबंध सहावा सर्ग लागला, भारतींना तो एक प्रवेश पुरला.

---

काकू_धरमपेठ

विंगेतून, स्त्रीपर्वाबद्दल शंभर टक्के. दुर्गाबाईंचं 'व्यासपर्व' आणि इरावतीबाईंचं 'युगान्त' वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला हे पहिल्यांदा खटकतं. इरावतीबाईंनी तर भीष्मांना चांगलंच धारेवर धरलंय. इतका त्याग करून या माणसानं कुळाचं भलं काय केलं, असा थेट हिशेब मांडला. तो वाचल्यावर दिनकरांचा चौथा सर्ग सौम्य वाटायला लागतो. म्हातारा स्वतःला बोल लावतो खरा, पण गोंजारतच.

सहाव्या सर्गावर मात्र तुम्ही अन्याय करताय. त्यात भीष्म नाहीत, युधिष्ठिर नाही, द्वापर नाही. कवी स्वतः बोलायला उभा राहतो. पाणी, वीज, वाफ माणसाच्या मुठीत, वाऱ्याचा पारा त्याच्या हुकमानं चढतो उतरतो, आणि तरी 'धर्म का दीपक, दया का दीप, कब जलेगा'. वर्गात मुलं म्हणायची, मॅडम, हा सर्ग कथेत बसत नाही. बसत नाहीच. गोष्ट मध्येच थांबवून कवीला पुढे यावं लागलं, एवढी त्याला घाई होती. 'सावधान, मनुष्य! यदि विज्ञान है तलवार, तो इसे दे फेंक' हे आज भाबडं वाटेल. फेकून काही देता येत नाही. पण ज्या वर्षी ते छापलं गेलं त्या वर्षी ते भाबडं नव्हतं.

---

रोखठोक_७

हे सगळं ठीक आहे पण आत्ताच्या सरकारनं…

---

माळवी_मराठी

रोखठोक, राजकारणाचा विभाग वेगळा आहे, तिकडे जरूर लिहा. इथे नको.

अभ्यासू_ढ, तुमच्या प्रश्नाला कुणीच नीट उत्तर दिलं नाही. युद्धकाव्य की शांतिकाव्य या द्वैतात शिरूच नका. पाचवा सर्ग नीट वाचा, परीक्षक बहुधा तिथे आणेल. भीष्म तीन सर्ग बोलून झाल्यावर युधिष्ठिर 'पटलं' म्हणत नाही. तो उलट आणखी आत जातो. मला वाटत होतं मी न्यायासाठी लढलो, पण त्या न्यायाच्या आड सिंहासनाचा लोभच दडलेला नव्हता कशावरून? द्रौपदीचा अपमान, वनवास, ही कारणं खरी. पण त्यांच्या बुरख्याआड मीच बसलो असेन तर? जिंकलेल्या माणसानं स्वतःला हे विचारणं मला अख्ख्या हिंदी काव्यात दुसरीकडे फारसं दिसलेलं नाही. आणि शेवटी तो ठरवतो की वनात जायचं नाही, एक लढाई अजून बाकी आहे: 'यह होगा महारण राग के साथ'. स्वतःच्या आसक्तीशी.

सातव्या सर्गात भीष्म परत येतात आणि सांगतात की संन्यास शोधणं ही मनाची भीरुता, जगण्याच्या गाठी सोडवणं हे खरं माणूसपण. इथे मराठी वाचकाला 'गीतारहस्य'ची आठवण येणारच, कर्मयोग थेट टिळकांच्या वळणाचा आहे. पण टिळक जिथे थांबतात त्याच्या पुढे दिनकर वाटणीवर जातात: जमीन कुणी विकत घेतलेली नाही, निसर्गाचं देणं सगळ्यांचं, राजा ही माणसाच्या लोभातून आलेली गोष्ट. ज्ञानपीठ स्वीकारताना ते म्हणाले होते की आयुष्यभर मी गांधी आणि मार्क्स यांच्यामध्ये हिंदकळत राहिलो. सातवा सर्ग म्हणजे तेच हिंदकळणं. सर्ग लांब आहे, मध्ये मध्ये भाषण होतो, मीही काही पानं उडवतो.

---

जुना_फौजी

दिनकरांचं आणखी एक सांगायला हवं. १९६२ नंतर त्यांनी 'परशुराम की प्रतीक्षा' लिहिलं, १९६३ मध्ये आलं. तेव्हा ते राज्यसभेत होते, सत्ताधारी बाजूला. ते वाचलंत तर युधिष्ठिर पुन्हा स्वर्गात रवाना झालेला दिसेल. परशुराम हवा, कुऱ्हाड हवी, शांतीची प्रवचनं पुरे. त्यात राज्यकर्त्यांना जे सुनावलंय ते स्वतःच्याच बाकावरच्यांना सुनावलंय, म्हणून मी त्यांना पळपुटे म्हणणार नाही. पण १९४६ चा प्रश्न १९६३ मध्ये त्यांनी गुंडाळून ठेवला. मला यात दोष काढायचा नाही. पोरं बर्फात कापडी बुटांनी उभी होती हे कळल्यावर कुणाचंही तसंच झालं असतं. माझंही झालं असतं.

---

तिरकस

म्हणजे १९३३ मध्ये भीम-अर्जुन, १९४६ मध्ये युधिष्ठिर, १९६३ मध्ये परशुराम. लढाई लांब असली किंवा नुकतीच उरकलेली असली की युधिष्ठिर, दारात आली की परशुराम. हे दिनकरांचंच नाही, आपल्या सगळ्यांचं टाइमटेबल आहे.

---

विंगेतून

तिरकस, याला एक अपवाद सुचवतो. नरेश मेहतांचं 'संशय की एक रात', १९६२. लढाई ऐन दारात असताना संशय घेणारा नायक तिथे आहे, आणि तो साक्षात राम. सेतू बांधून झालाय, उद्या लंकेवर चढाई, आणि रात्री रामाला प्रश्न पडतो की माझी सीता परत आणण्यासाठी, माझ्या खासगी दुःखासाठी, या सगळ्यांना मी मरायला का नेऊ? दशरथाची आणि जटायूची छाया येऊन त्याच्याशी बोलते. मग मध्यरात्री मंत्रणा बसते आणि हनुमान वगैरे सांगतात की हा प्रश्न आता तुझ्या एकट्याचा राहिलेला नाही, रावणाखाली आम्हीही भरडलो गेलोय. राम निर्णय मानतो. पण स्वतःचा म्हणून नाही, सगळ्यांचा म्हणून. संशय फिटत नाही, संशयासकट तो सकाळी निघतो.

तिसऱ्या सर्गात दिनकरांचाही राम आहे, तीन दिवस समुद्राकडे वाट मागत बसलेला आणि मग बाण उचलणारा. दोन्ही राम त्याच किनाऱ्यावर, चार-पाच दिवसांच्या अंतरानं. ही दोन्ही काव्यं लागोपाठ वाचा.

---

अभ्यासू_ढ

सर्वांचे आभार. पाचवा सर्ग काल रात्री वाचला. प्रश्न: युधिष्ठिर स्वतःच्या लोभाशी लढायचं ठरवतो, पण राज्य सोडत नाही. मग भीष्मांनी त्याला जिंकलं की त्यानं भीष्मांना? आमच्या क्लासच्या नोट्समध्ये 'भीष्म कवीचे प्रवक्ते आहेत' असं ठोकून दिलंय.

---

माळवी_मराठी

नोट्सवाल्यांनी चौथा सर्ग गाळलेला दिसतो. ज्याला कवीनं द्यूतसभेतल्या मौनाची जबानी द्यायला लावली तो निव्वळ प्रवक्ता कसा असेल? माझं मत: वादात भीष्म जिंकतात, कारण चांगल्या ओळी त्यांना मिळाल्या आहेत. पण सातव्या सर्गात ते जे बोलतात, राज्य कर पण भोगू नकोस, तो पाचव्या सर्गातल्या युधिष्ठिराचाच निर्णय आहे. फौजीसाहेबांना हे पटणार नाही बहुतेक.

---

जुना_फौजी

अर्धं पटलं. राज्य कर पण भोगू नकोस हे राजाला सांगणं सोपं आहे, त्याचं कोठार भरलेलं असतं. त्या अठरा अक्षौहिणींतल्या जे परत आले नाहीत त्यांच्या घरच्यांना वाटणीत काय मिळालं, हे भीष्मांनी कुठल्या सर्गात सांगितलंय का? असेल तर पान क्रमांक द्या, मी वाचतो.